पन्हळीचा पंख

औसा रोडच्या मागच्या गल्लीत मन्मथ उस्तुरे यांच्याविषयी एक वाक्य वर्षानुवर्षे चालत आले होते. "सगळ्यांच्या घरावर पत्रा असतो, उस्तुरे सरांच्या डोक्यात हाय." हे पहिल्यांदा कोण बोलले ते कुणाला आठवत नव्हते. पण आठवड्यातून एकदा सकाळी सर स्कूटर बाहेर काढत, तिच्या पुढच्या बाजूला बांधलेल्या लोखंडी चौकटीत हातभर लांबीचा पंख बसवू लागत, तेव्हा कुणी ना कुणी ते हमखास म्हणे. समोरच्या शिवकांताबाई अंगणात कुरडया घालता घालता विचारीत, "सर, आज उडणार का? उडालात तर उतरताना आमच्या कुरडयांवर उतरू नका बरं का!"

सर चष्मा पुसत उत्तर देत, "आज न्हाई. आज फक्त मोजायचं हाय."

मोजण्याचे काम त्यांची पत्नी जगदेवी करी. गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर स्कूटर साठच्या वेगाने धावू लागली, की ती पदर कमरेला खोचून मागच्या सीटवरून पुढे वाकून पाही आणि वारा पंखाला किती जोराने ओढतो ते दाखवणाऱ्या ताणकाट्यावरचा आकडा नवऱ्याच्या कानात ओरडून सांगे. परत आल्यावर सर ते आकडे वहीत उतरवीत. शहाण्या बाईमाणसाने भर रस्त्यात हे काय चालवले आहे, असे तिच्या माहेरच्यांनीही तिला विचारून पाहिले होते. "मला काटा वाचता येतो," एवढेच ती म्हणाली होती.

तो पंख काय होता, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

१९९३ च्या सप्टेंबरात भूकंप झाला, तेव्हा मन्मथ नांदेडला एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवीत होते. औसा तालुक्यातल्या त्यांच्या गावी ते दुपारी पोहोचले. आई, अव्वा, दगडी भिंतीखाली गेल्या होत्या. वडील, आप्पा, वाचले. कारण ते शेतातल्या आखाड्यावर, गुरांच्या गोठ्यापाशी, झोपले होते. मन्मथांनी आईला अग्नी नव्हे, समाजाच्या रीतीप्रमाणे माती दिली. डोळ्यांत पाणी आले नाही. गावातल्या बायकांना ते विचित्र वाटले. जगदेवीलाही वाटले.

मग पत्र्याच्या शेडांच्या रांगा उभ्या राहिल्या. आप्पा आत जायला तयार नव्हते. "घर म्हणजे दगड-माती. हे डबडं हाय, डबडं," असे म्हणून ते दाराबाहेर बाजेवर बसून राहत. पुढच्या उन्हाळ्यात, सुट्टीत मन्मथ त्यांच्याजवळ राहायला गेले असताना एका दुपारी वादळी वारा सुटला. शेडाच्या कडेचा एक पन्हळी पत्रा निम्मा सुटला आणि वाऱ्यावर हलू लागला. त्यावर ठेवलेले दोन दगड त्याने सहज वर उचलले.

"अरे, धर की त्याला! बघतो काय असा?" आप्पा ओरडले.

मन्मथ पाहतच राहिले. पत्रा मागच्या कडेकडे कमान करून वाकत होता आणि पुन्हा सरळ होत होता. चटईसारखी त्याची गुंडाळी होऊ पाहत होती, पण ती एकाच दिशेने. पन्हळींच्या लांबीच्या दिशेने तो तसूभरही लवत नव्हता. त्या दिशेने तो दगड पेलत होता, आणि आडव्या दिशेने वाऱ्याचे ऐकत होता.

विमानाच्या पंखाला नेमके हेच दोन गुण एकाच वेळी लागतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याला सगळ्या विमानाचा भार पेलायचा असतो, म्हणून तो ताठ हवा. पण वर चढताना आणि खाली उतरताना त्याची पुढून मागे अशी कमान वाढावी लागते, म्हणून तो लवचिकही हवा. हा पेच आजवर बिजागरीने सोडवलेला आहे. पंखाच्या मागे वेगळी पट्टी लावतात आणि ती खाली झुकवतात. सांध्यापाशी फट राहते, वारा तिथे अडखळतो आणि इंधन वाया जाते. पक्ष्याच्या पंखात बिजागरी नसते; तो अख्खा पंखच आकार बदलतो. मन्मथांच्या मनात आले, पंखाच्या मागच्या भागाची कातडीच पन्हळी केली, पन्हळी विमानाच्या पोटापासून पंखाच्या टोकापर्यंत जातील अशा ठेवल्या, तर? एकच दोर ओढायचा आणि सगळा पंख वाकवायचा. ना बिजागरी, ना फट.

त्या दिवसापासून त्यांना दुसरे काही सुचेना. दोन वर्षांनी नांदेडची नोकरी सोडून ते लातूरला आले. आप्पांच्या जवळ राहता येईल हे लोकांना सांगायचे कारण, आणि ते खोटेही नव्हते. त्याच सुमारास लातुरात क्लासचा सुकाळ झाला होता. देगलूर, धर्माबाद, हिमायतनगरपासून मुले पेट्या घेऊन येत आणि दहा बाय दहाच्या खोलीत चौघे राहत. गुणवत्ता यादीतल्या मुलांचे फोटो चौकाचौकात झळकत. दयानंद नावाच्या एका हुशार, चटपटीत गृहस्थाने दोन खोल्यांत क्लास काढला होता. त्याने उस्तुरे सरांना बोलावून घेतले, आणि पाच-सहा वर्षांत त्या दोन खोल्यांची तीन मजली इमारत झाली.

सर दिवसाला सात तास शिकवीत. उरलेल्या वेळात पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा लाकडी पाटावर ठेवून सायकलच्या तारांनी त्यावर एक एक पन्हळ पाडत. बंगळूरच्या, कानपूरच्या संस्थांना त्यांनी पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर आले नाही. २००१ साली आप्पा गेले. पुनर्वसनातल्या सिमेंटच्या घरातही ते शेवटपर्यंत ओसरीवरच झोपले.

चूक घडली ती २००४ च्या नोव्हेंबरात. ती चूक क्लासच्या मास्तराच्याच हातून होऊ शकते. दुसऱ्या कोणत्या संशोधकाला ती सुचणारही नाही.

दर रविवारी बाराशे मुलांची चाचणी असे. दयानंदांनी शनिवारी सकाळी त्यांना गाठले. "सर, नांदेडवाल्यांनी आपले पेपर उतरवायला सुरुवात केलीय. ह्या वेळी असा एक प्रश्न टाका की कुण्या गाईडात सापडला नाही पाहिजे."

"सोपा का अवघड?"

"पोरं रडली पाहिजेत."

सर बसले आणि त्यांनी सदतिसावा प्रश्न लिहिला. पन्हळी पत्र्याची आकृती काढली, शेजारी पंखाची काढली, पन्हळींची दिशा बाणांनी दाखवली. दोन्ही दिशांतल्या ताठरपणाचे गुणोत्तर काढा. अशा पत्र्याचा पंख बिजागरीशिवाय कसा वाकेल ते सांगा. दहा वर्षांत ज्याविषयी एकाही जाणत्या माणसाशी बोलता आले नव्हते, ते त्यांनी सहा ओळींत बाराशे मुलांसमोर मांडले. लिहून झाल्यावर त्यांना हलके वाटले.

अकरा मुलांनी त्या प्रश्नाला हात लावला. एकाचे उत्तर बरोबर आले. सर्वेश, देगलूरचा, बारावीचा. गुणोत्तर तर त्याने अचूक काढलेच होते, शिवाय समासात पेन्सिलीने लिहिले होते: 'सर, पण मग पन्हळीत वारा अडकेल. वरून रबर ताणून लावावे लागेल.'

सरांनी त्या पंखावर सायकलच्या ट्यूबचे रबर आदल्याच वर्षी ताणून लावले होते. त्यासाठी त्यांना पाच वर्षे लागली होती. त्यांनी ती उत्तरपत्रिका घरी नेली आणि जगदेवीला समास दाखवला. तिने तो वाचला आणि म्हणाली, "ह्याला जेवायला बोलवा की."

सर्वेश जेवायला आला. स्कूटरवरचा पंख पाहून त्याचा घास हातातच राहिला. पुढे तो मुंबईला इंजिनिअरिंगला गेला आणि तिथून त्याचे पत्र आले, 'सर, हे पेटंट केल्याशिवाय राहू नका.' ते पत्र आले नसते तर सरांना ते सुचलेही नसते. २००६ मध्ये त्यांनी अर्ज केला. तोवर सदतिसावा प्रश्न दयानंदांच्या सराव-संचात छापून मराठवाडाभर गेला होता, हे त्यांच्या लक्षातही नव्हते. आणि असते तरी त्यात काही वावगे आहे असे त्यांना वाटले नसते. प्रश्न म्हणजे प्रश्न. तो कुणी वाचून विमान थोडेच करणार होते?

अर्ज सरकारी नियतकालिकात प्रसिद्ध झाला तेव्हा दयानंदांनी बार्शी रोडच्या चौकात वीस फुटी फलक लावला. त्यावर सरांचा फोटो, मागे ढगांत विमान, खाली 'जागतिक पेटंटचे मानकरी आमच्याकडे शिकवतात'.

"अजून मिळालं न्हाई, दयानंद सर. नुसता अर्ज हाय."

"मिळेल की! फलक आधी, पेटंट मागनं. लोक थांबत नसतात."

त्या वर्षी प्रवेशांसाठी जिन्यापर्यंत रांग लागली.

सर्वेशला बंगळूरच्या एका कंपनीत नोकरी लागली. छोटी, माणसाविना उडणारी विमाने ही कंपनी बनवीत होती. २०१० मध्ये तिच्या एका बैठकीत आकार बदलणाऱ्या पंखाचा विषय निघाला. वाटेत कुणाचा तरी अर्ज आडवा येतो आहे, असे वकील म्हणाला आणि त्याने पडद्यावर आकृती दाखवली. सर्वेश अभिमानाने खुर्चीतून उठला. "हे तर माझ्या सरांचं आहे! मी बारावीत असताना हे सोडवलंय. दोन हजार चार साली, रविवारच्या पेपरात. संचात पण आहे."

मग वकिलाने विचारले, "तो संच तुमच्याकडे आहे?"

अर्ज करण्याआधी जी गोष्ट छापून लोकांच्या हाती गेली, तिला पेटंट मिळत नाही. महिनाभरात कंपनीने हरकत दाखल केली. सोबत सर्वेशचे शपथपत्र आणि देगलूरच्या घरातून मागवलेला, कोपरे दुमडलेला सराव-संच होता.

हे कळले त्या दिवशी सरांनी सकाळची बॅच घेतली, दुपारची घेतली, आणि संध्याकाळच्या बॅचला फळ्यासमोर नुसतेच उभे राहिले. मुले वाट पाहत होती. सरांना समोरचे सूत्र वाचता येईना. एका मुलीने पाणी आणून दिले. वर्गातून बाहेर पडताना त्यांनी कठड्याला धरले, आणि मग तिथेच, जिन्यात, खाली बसले. सोळा वर्षांचे सगळे काही त्यांच्याच हस्ताक्षरातल्या सहा ओळींनी बुडवले होते.

सर्वेश लातूरला आला. दुपारची वेळ होती. तो खुर्चीवर बसेना, सरांच्या पायांशी जमिनीवर बसला. "सर, मला कळलंच नाही. मी नुसतं कौतुकानं बोललो, मग त्यांनी लिहून मागितलं, तेही खरंच आहे म्हणून दिलं. मी नोकरी सोडतो."

सर खिडकीकडे पाहत होते. "नोकरी सोडून संच परत येतो का?"

"नाही सर."

"मग? चहा घे, आन जा." त्या मुलाच्या तोंडाकडे पाहिले तर आपण काय बोलू याची त्यांनाच खात्री नव्हती. जगदेवीने चहा आणून ठेवला. तो तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी दयानंद आले, सोबत वकील घेऊन. दयानंद प्रसन्न होते. "सर, संचावर साल छापलेलं नाही. आपण कधीच छापत नव्हतो, जुना माल पडून राहू नये म्हणून. प्रेसवाला आपला माणूस आहे, तो लिहून देतो की ही आवृत्ती दोन हजार सातची. मी लिहून देतो. तुम्ही लिहून द्या. विषय संपला."

"आणि सर्वेशचं शपथपत्र?"

"ते खोटं पडेल."

"म्हणजे तो खोटा पडंल."

"पडू द्या ना!" दयानंदांचा आवाज चढला. "त्यानंच तर खड्डा खणलाय. तरुण आहे, दुसरी नोकरी बघेल. तुमचं वय काय? सत्तेचाळीस. साखर चारशेवर. चौकात वीस फुटांचा फोटो लावलाय मी तुमचा, सर. उद्या तो उतरवावा लागला, तर तुम्हाला वर्गात उभं करणं मला जमणार नाही. हे मी रागानं नाही सांगत."

वकिलाने मात्र अडखळत एक वाक्य जोडले: समोरच्याचे शपथपत्र खोटे ठरले, तर त्याच्यावर खटला होऊ शकतो. दयानंदांनी त्याच्याकडे रोखून पाहिले.

ते गेल्यावर सर जगदेवीकडे वळले. ती भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"तू काय म्हणतीस?"

"सही करा."

सर थक्क झाले. जगदेवीने हातातली जुडी खाली ठेवली. "अव्वा गेल्या तवा तुमी रडला न्हाई. पत्र्याकडं बघत बसलात. मी म्हणले, बसू दे, कशात तरी जीव लागू दे. माझ्या भावाच्या लग्नात तुमी न्हाई आलात, काटा आणायला पुण्याला गेलात. मी काय बोलले का? सगळी गल्ली हसायली तरी मागं बसले. काटा मी वाचलाय, अहो. त्या वहीतला एक एक आकडा माझ्या तोंडचा हाय. तुमी एकट्यानं सोडून द्यायला ते तुमचं एकट्याचं न्हाई."

त्यांनी सही केली. सही करताना पेन चालेना, म्हणून दुसरे घेतले. शपथपत्र मुंबईला गेले, आणि त्यानंतरच्या तीन महिन्यांत सरांचे वजन अकरा किलोने उतरले. शिकवताना मध्येच थांबून ते म्हणत, "हे पुन्हा तपासून घ्या, माझ्यावर विश्वास ठेवू नका." मुलांना वाटे, सर गंमत करताहेत.

सुनावणी मुंबईत होती. खोली छोटी, टेबल मोठे. एका बाजूला कंपनीचे वकील आणि सर्वेश, दुसऱ्या बाजूला दयानंद, त्यांचा वकील आणि सर. अधिकारी बाई शांत, चष्मा नाकावर ओढलेला. समोर दोन्ही बाजूंची शपथपत्रे होती आणि त्यांतली एका बाजूची खोटी होती, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले. मग त्यांनी सर्वेशला विचारले, "आपण म्हणता, हा प्रश्न आपण २००४ मध्ये सोडवला. अर्जदार म्हणतात, तो २००७ मध्ये छापला गेला. त्या वर्षी आपण बारावीत नव्हता. आपण शपथेवर सांगितलेल्या गोष्टीवर ठाम आहात?"

सर्वेशने सरांकडे पाहिले. उतरलेला चेहरा, सैल पडलेली कॉलर, टेबलावर पालथे ठेवलेले हात. तो पाहतच राहिला. कंपनीचा वकील खाकरला.

"मॅडम," सर्वेश म्हणाला, "माझी... माझी आठवण चुकत असेल. मला आता नक्की सांगता येणार नाही."

कंपनीच्या वकिलाने फाईल टेबलावर आपटली. दयानंदांनी सरांच्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला. जिंकल्याचा तो दाब होता. बाईंनी पेन खाली ठेवले. "आठवण चुकत असेल? आपण शपथ घेऊन, सही करून दिले आहे. याचा अर्थ काय होतो, आपल्याला ठाऊक आहे? मला हे पुढे कळवावे लागेल."

"ठाऊक आहे, मॅडम."

सर्वेशचे कान लाल झाले होते. त्याने पुन्हा वर पाहिले नाही. सरांना कळले, हा मुलगा उत्तर जाणूनबुजून चुकवतो आहे. बाराशे मुलांत ज्याचे एकट्याचेच उत्तर बरोबर आले होते, तो आज आपल्यासाठी, आपल्यासमोर चुकीचे लिहून देतो आहे, आणि त्याची किंमत त्याला पुरती ठाऊक आहे. जगदेवीचे शब्द त्यांना आठवले. ते खरेच होते. घरी गेल्यावर तिच्यासमोर कसे उभे राहायचे, हे त्यांना मुळीच सुचत नव्हते.

त्यांनी दयानंदांचा हात गुडघ्यावरून उचलून बाजूला ठेवला आणि ते उभे राहिले.

"उस्तुरे, आपल्याला काही सांगायचे आहे?" बाईंनी विचारले.

"सर, बसा," दयानंद दातांतल्या दातांत म्हणाले.

"बसा, सर!" वकीलही म्हणाला.

बाईंनी हात वर करून दोघांना थांबवले. "हा संच अर्जाच्या आधी छापला, की नंतर? आपण काय बोलता, त्याने आपला अर्ज संपू शकतो, हे लक्षात घेऊन उत्तर द्या."

"आधी छापला. दोन वर्षं आधी. प्रश्न मी लिहिला, छापायला मी दिला, आणि माझं शपथपत्र खोटं हाय. लिहून घ्या, आन त्या पोराला घरी जाऊ द्या."